तान्ह्यासाठी विणलेला बैल

"जालना, सोन्याचा पालना" असे या नगराविषयी जुनी माणसे आजही अभिमानाने म्हणतात. आणि कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या, आधी कापूस-सरकीच्या आणि पुढे मोसंबी, बियाणे व पोलाद यांच्या व्यापारावर भरभराटलेल्या या गावाची ऐपत पाहिली म्हणजे ही म्हण का रूढ झाली असावी हे ध्यानात यायला वेळ लागत नाही. निजामाच्या अमलात आणि त्यानंतरही औरंगाबाद जिल्ह्याच्या दप्तरात एक तालुका म्हणून नोंदला गेलेला हा कसबा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाला. परंतु त्याच्या नावाची आख्यायिका मात्र या सर्व राज्यकारभारांहून जुनी असून, एका धनाढ्य जुलाह्याच्या, म्हणजे विणकऱ्याच्या, इच्छेवरून गावाला हे नाव मिळाले असे गॅझेटिअरकारांनीही नमूद करून ठेवले आहे. विणकऱ्याचे नाव सांगणाऱ्या आणि स्वतःला पाळणा म्हणवणाऱ्या या गावात पाळण्यातल्या बाळासाठी विणायच्या खेळण्याचा विषय काढला, तर तो अस्थानी ठरू नये.

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीचे दिवस भरत आले की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे हात आपोआप सुईदोऱ्याकडे वळतात. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी फाडून बाळोती आणि दुपटी केली जातात, झबली, टोपडी, कुंची, लाळेरी असा एकेक जिन्नस तयार होत जातो, आणि बारशाच्या दिवशी आत्या, मावशी, शेजारणी आपापल्या ऐपतीप्रमाणे बाळंतविडा घेऊन येतात. या बाळंतविड्यात विणलेल्या टोपड्या-मोज्यांचा मान जुनाच आहे, आणि क्रोशाची सुई तर रुखवतातल्या तोरणांपासून दुधाच्या पातेल्यावर घालायच्या, कडेला मणी ओवलेल्या जाळीपर्यंत मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. क्रोशाने विणलेला आणि आत भरण घातलेला ससा, हत्ती किंवा बैल हा मात्र तुलनेने नवा जिन्नस होय. जपानात 'अमिगुरुमी' या नावाने लोकप्रिय झालेली ही कला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर पसरली, आणि आता मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून ती मंठा-जाफराबादसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बसूनही शिकता येते.

क्रोशा स्वतः काही फार प्राचीन विद्या नव्हे. युरोपात तिचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला, आणि १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक सतत बुडून जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात शेकडो कुटुंबांना क्रोशाच्या लेसने चार घास मिळवून दिले. त्याच शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत ही लेस गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापुरात पोहोचली आणि तिथल्या स्त्रियांचा घरबसला व्यवसाय झाली. ज्या गोदावरीच्या काठाकाठाने जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा जाते, तिच्याच दुसऱ्या टोकाला हे घडले, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. विणकामाच्या दोन सुयांवर एका वेळी कित्येक टाके उघडे असतात आणि त्यांतला एक निसटला की तो खालपर्यंत ओघळत जातो. क्रोशात उघडा टाका एकच, सुईच्या आकड्यावर अडकलेला, आणि बाकी सारे काम जागच्या जागी बंदिस्त झालेले. म्हणूनच कडेवर मूल असलेल्या, चुलीवर भात टाकलेल्या बाईला हे काम कोणत्याही क्षणी खाली ठेवून उठता येते. शिवाय क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र कारखान्यांतून अद्याप चालू झालेले नाही, तेव्हा क्रोशाचे खेळणे कोणत्याही बाजारातून आणलेले असो, ते कोणा ना कोणा माणसाच्या हातूनच विणले गेलेले असते.

आता खेळण्याकडे वळू. ज्याच्यासाठी ते करायचे तो तीन-चार महिन्यांचा जीव जगाची पारख डोळ्यांनी किंवा हातांनी जितकी करतो त्याहून अधिक तोंडाने करतो. हाती आलेली वस्तू, मग ती आजीच्या बोटातली अंगठी असो वा दुपट्याचे टोक, तो प्रथम तोंडात घालतो, चोखतो, हिरड्यांनी चावतो, लाळेने भिजवतो. दोरा कोणता, सुई कोणती, टाका किती घट्ट, डोळे कशाचे, आत काय भरायचे, या प्रत्येक प्रश्नाचा निवाडा बाळाच्या तोंडापुढे व्हावयास हवा, मोठ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हे. दुकानाच्या काचेत शोभून दिसणारी पुष्कळशी विणलेली खेळणी या कसोटीला उतरत नाहीत, आणि ती निरुपद्रवी समजून पाळण्यात ठेवली जातात याची मला मनापासून चिंता वाटते.

पहिला प्रश्न दोऱ्याचा. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा दोरा बहुतेक वेळा मेंढीचा नसून ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, फुगीर आणि रंगीबेरंगी असतो खरा; पण त्याचे तंतू सुटे होऊन बाळाच्या ओल्या ओठांना चिकटतात, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला असताना, तो हातात घेणेही नकोसे होते. त्यापेक्षा पिळाचा, गुळगुळीत सुती दोरा केव्हाही उत्तम: तो लाळ शोषतो, गरम पाण्यात धुता येतो, त्याचा केस निघत नाही. ज्या जिल्ह्याच्या शिवारात कापूस हे एक मुख्य पीक आहे, तिथल्या बाळाच्या हाती सुताचेच खेळणे असावे, हे तर मला सर्वथैव रास्त वाटते. रंग पक्का आहे की नाही याची खातरजमा विणण्यापूर्वीच करावी. दोऱ्याचा एक तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात घट्ट दाबून ठेवावा; फडक्यावर डाग उमटला तर ती गुंडी तोरणासाठी बाजूला काढावी.

दुसरा प्रश्न प्राण्याचा. चित्रफितींतून दिसणारे कोल्हे, पेंग्विन आणि एकशिंगी घोडे यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु श्रावणी अमावास्येला ज्या गावात झूल पांघरलेल्या, शिंगांना रंग दिलेल्या, गळ्यात घुंगुरमाळा घातलेल्या बैलांची मिरवणूक निघते, आणि ज्याच्या दारी बैल नाही तो मातीची जोडी आणून पुजतो, त्या गावात बाळाचा पहिला प्राणी बैल असावा हे मी आग्रहाने सांगेन. त्यातही मराठवाड्याची देवणी जात निवडावी. या जातीत तीन प्रकार मानतात: सर्वांगी पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडाच्या बाजू काळ्या असलेला तो वानेरा, आणि अंगभर काळे अनियमित ठिपके असलेला तो शेवरा. नवजात बालकाची दृष्टी २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जितका दूर असतो तितक्याच अंतरावर, बरी चालते, आणि त्या वयात त्याला फिक्या गुलाबी-निळ्या छटांपेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध अधिक चटकन दिसतो. शेवऱ्या देवणीने ती सोय आपल्या कातडीवरच करून ठेवली आहे. त्याचे लांब, खाली लोंबणारे कान चिमुकल्या मुठीत धरायला सोयीचे. हा या जातीचा दुसरा उपकार.

कृतीचे मूळ एका वर्तुळात आहे. दोऱ्याचा सैल फास करून त्यात सहा मुके खांब घालायचे आणि फास ओढून मधले भोक पुरते बंद करायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन टाके, म्हणजे १२. तिसरीत एक सोडून एका घरात दोन, म्हणजे १८. मग २४, ३०, ३६. दर फेरीला सहाच का वाढवायचे याचे उत्तर शाळेच्या भूमितीत आहे: वर्तुळाची त्रिज्या एका मापाने वाढली की परीघ सुमारे ६.२८ मापांनी वाढतो, आणि मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असल्यामुळे सहा टाके वाढवले म्हणजे चकती सपाट बसते. वाढवणे थांबवून तितकेच टाके फेरीमागून फेरी घालत गेले की चकतीची नळी होते. कमी करू लागले की ती मिटत जाते. बैलाचे धड म्हणजे अशी चकती, तिच्यावर नळी आणि शेवटी मिटणे, एवढेच. उलट, सहाहून पुष्कळ अधिक टाके वाढवत गेले तर कड झालरीसारखी लहरते. याच गुणाचा उपयोग करून कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना तैमिना यांनी १९९७ साली अतिपरवलयी भूमितीचे पृष्ठ क्रोशाने विणून दाखवले, ज्याची कल्पना विद्यार्थ्यांना कागदावर देणे अत्यंत कठीण जात असे.

सुई दोऱ्याला साजेल त्याहून एक नंबर बारीक घ्यावी. सामान्य सुती दोऱ्यासाठी २ ते २.५ मिलिमीटरची पोलादी सुई पुरे होते. रुमाल विणताना जो मोकळेपणा शोभा देतो तोच येथे दोष ठरतो, कारण टाक्यांमधल्या फटीतून आतले भरण बाहेर डोकावले तर बाळाची बोटे आणि हिरड्या ते ओढून काढल्यावाचून राहणार नाहीत. भरण घातल्यावर धड उजेडासमोर धरावे आणि आतले पांढरे कुठे दिसते का ते पाहावे. टाके कमी करताना दोन घरांत सरळ सुई घातली तर तिथे गाठ आणि गाठीशेजारी भोक पडते. त्याऐवजी दोन्ही घरांचे केवळ पुढचे दोरे सुईवर घेऊन टाका ओढला तर तो शेजारच्या टाक्यांत मिसळून जातो. पांढऱ्यातून काळा ठिपका आणताना आधीच्या पांढऱ्या खांबाचा शेवटचा ओढा काळ्या दोऱ्याने काढावा, म्हणजे रंगाची सीमा स्वच्छ उतरते.

सारी कसोटी वशिंडात लागते. वशिंडावाचून बैल म्हणजे परदेशी गाय. आणि ते वेगळे विणून खांद्यावर शिवले तर नेमके तेच बाळाच्या हिरड्यांखाली सापडते व एखाद्या दिवशी उचकटून निघते. म्हणून ते धडातच उठवावे. धडाची नळी खांद्याच्या ठिकाणी आली की पाठीच्या बाजूच्या सहा घरांत प्रत्येकी दोन टाके घालावेत, बाकी फेरी नेहमीप्रमाणे पुरी करावी. अशा बारा टाक्यांचा तो पट्टा तीन फेऱ्या तसाच चालवावा आणि चौथ्या फेरीत दोन-दोन टाके जोडून पुन्हा सहावर आणावा. नळीचा तेवढाच भाग फुगून वर येतो आणि भरण दाबून भरले की त्याला बैलाच्या वशिंडाचा डौल येतो. यात एक मेख आहे. मुका खांब गोलात, फेरी न जोडता सलग विणत गेले, तर उजव्या हाताने विणणाऱ्याचा प्रत्येक टाका खालच्या टाक्यापेक्षा किंचित उजवीकडे सरकतो. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर हे सरकणे इतके साचते की आरंभी पाठीवर धरलेली रेषा कुशीकडे वळलेली असते, आणि केवळ टाके मोजून वशिंड उठवले तर ते बैलाच्या बरगडीवर उगवते. फेरीचा आरंभ दाखवणारा रंगीत दोरा ठेवावाच. पण वशिंडाआधी धड सपाट दाबून पाठीची खरी रेषा डोळ्याने ठरवावी आणि खूण तिथे हलवावी. छापील कृतीत ही सूचना बहुधा नसते.

पाय जाड आणि आखूड करावेत, बाळाच्या तळहातात मावतील असे. शिंगे बोथट, भरून घट्ट केलेली. शेपटी लांब ठेवण्याचा मोह टाळावा. पायाभोवतीची शिलाई दुहेरी दोऱ्याने, प्रत्येक घर धरून, दोनदा फिरवावी. दोऱ्याची टोके कात्रीने जवळ कापून टाकणे हा या कामातला सर्वांत मोठा आळस होय. टोक निदान एका बोटाएवढे लांब ठेवून, उलटसुलट दिशांनी टाक्यांच्या पोटातून फिरवून, मग धडाच्या आत सोडावे.

डोळ्यांविषयी मात्र तडजोड नाही. मणी, बटणे, टिकल्या, चमकीचे खडे यांतले काहीही तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याला लावू नये. मागून चकती ठोकून बसवायचे जे प्लॅस्टिकचे डोळे 'सेफ्टी आय' म्हणून विकले जातात, तेही विणलेल्या कापडाचा टाका सैल पडला की चकतीसकट बाहेर येऊ शकतात. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात, आणि जो सुटा तुकडा त्यात पुरता मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. बैलाचा डोळा त्या नळकांड्यात कितीतरी वेळा मावेल. म्हणून डोळे काळ्या दोऱ्याने, पाच-सहा घट्ट टाक्यांनी भरावेत. गळ्यातली घुंगुरमाळही दोऱ्याचीच भरावी, आणि घंटेचा हट्ट सोडावा.

भरणाच्या बाबतीत कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला थोडे मन मारावे लागते. पिंजलेला कापूस गादीला आणि वाकळेला उत्तम, पण खेळणे आठवड्याला धुवायचे असते. ओला कापूस गोळे होऊन बसतो, आत दिवसेंदिवस ओल धरतो, आणि पावसाळ्यात त्याला बुरशीचा वास येऊ लागतो. पॉलिएस्टरचा फायबर पाणी लवकर सोडतो व आकार टिकवतो, तेव्हा बाहेर सूत आणि आत फायबर हीच तजवीज योग्य. बाळाच्या डोक्याखाली राईची उशी ठेवण्याचा रिवाज पाहून कुणी खेळण्यातही मोहरी, तांदूळ वा साबुदाणा भरतात; एक टाका उसवला की ते दाणे बाळाच्या नाकातोंडात जाण्याचे भय असल्यामुळे हे कदापि करू नये.

विणलेल्या प्राण्याचा एक लक्षणीय प्रयोग डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वयंसेवक क्रोशाचे छोटे अष्टपाद विणून रुग्णालयांना देऊ लागले. त्याचे गोल वळलेले पाय मुठीत धरून ठेवल्याने बाळ नाकातल्या नळ्या कमी ओढते, आणि त्या पायांचा स्पर्श गर्भातल्या नाळेसारखा वाटत असावा, अशी त्यामागची कल्पना. प्रकृतीला त्याचा निश्चित लाभ होतो असा ठाम शास्त्रीय पुरावा पुढे आलेला नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्या स्वयंसेवकांनी स्वतःला घालून घेतलेली शिस्त: शुद्ध सुती दोरा, ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुता येईल असे काम, आणि ताणूनही २२ सेंटिमीटरांहून लांब न होणारे पाय, म्हणजे ते मानेभोवती गुरफटणार नाहीत. आपल्या बैलाची शेपटी आणि म्होरकी विणताना हाच दंडक पाळावा.

तरीही, कितीही निर्दोष विणला असला तरी, बाळ झोपले की बैल पाळण्यातून काढून घ्यावा. वर्षाच्या आतल्या मुलाच्या झोपण्याच्या जागेत उशी, मऊ खेळणे वा सैल पांघरूण नसावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडच्या कापडी झोळीत, जिथे सारे काही मध्यभागी घरंगळत येते, ही दक्षता अधिकच आवश्यक आहे.

मूल सहा-आठ महिन्यांचे झाले की या बैलाशी त्याचे वेगळेच नाते जुळते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली मांडलेल्या आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा वस्तूंचा विचार केला आहे: दुपट्याचे टोक, मऊ बाहुली, जी आईच्या सान्निध्यातून बाहेरच्या जगाकडे जाताना मूल सोबतीला धरते आणि जिचा बदल ते सहन करीत नाही, इतके की ती धुतल्याने तिचा वास गेला तरी त्याचा अनुभव खंडित होतो. येथे स्वच्छतेचा आणि वात्सल्याचा थोडा झगडा आहे. आरंभीच एकाच गुंडीतून दोन सारखे बैल विणावेत आणि आळीपाळीने द्यावेत, म्हणजे एक दोरीवर वाळत असताना दुसरा बाळाच्या हाती असतो व दोघांनाही त्याचाच वास लागतो. नाही तरी आपल्याकडे बैल जोडीनेच शोभतो.

ज्या बहिणींना, विशेषतः बचत गटांतल्या, हे काम विक्रीसाठी करायचे आहे, त्यांनी कायद्याची माहिती करून घ्यावी. केंद्र सरकारचा खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला असून, चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे त्यान्वये सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांच्या दप्तरी ज्यांची नोंदणी आहे अशा कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना मात्र या आदेशातून सूट देण्यात आली. तेव्हा माल बाजारात नेण्यापूर्वी कारागीर म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घेणे हिताचे. पण सूट कागदाची आहे, बाळाच्या घशाची नव्हे. प्रत्येक बैलाचे पाय, कान आणि शिंगे दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिल्यावाचून तो गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

घरातला बैलही दर धुण्याच्या वेळी असाच ओढून पाहावा. दात येऊ लागले की प्रथम कान विरतात. कान शिवला होता तिथले टाके कातरून तो काढून घ्यावा, उरलेल्या सुताने नवा विणावा आणि त्याच घरांतून शिवावा. त्यासाठी मूळ गुंडीतले चार-पाच मीटर सूत आणि तीच सुई एका डबीत जपून ठेवलेली असावी, कारण पुढच्या खेपेला दुकानात तोच पांढरा मिळेलच असे नाही.